कारवानी की कॉली? भंडाऱ्याच्या सुज्ञ कुटुंबांसाठी मार्गदर्शन

कुत्रं निवडण्याआधी आपली जीवनशैली तपासावी, असं जाणकार सांगतात. सूचना रास्त आहे; फक्त भंडारा जिल्ह्यात ती पाळताना 1 जानेवारीची जीवनशैली लिहू नये. त्या दिवशी प्रत्येक जण पहाटे पाचला उठणारा असतो. कागदावर मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजताचा माणूस उतरवावा. बाहेर 45 अंश, कुलरच्या टाकीतलं पाणी तळाला गेलेलं आणि ते भरायला कोण उठणार यावरून घरात अबोला. कुत्र्याच्या वाट्याला हाच माणूस येणार आहे.

उमेदवार दोन. पहिला कारवानी: मराठवाड्यात नावाजलेला शिकारी गडी. त्याच्याच रक्ताच्या मुधोळ हाउंडचं 2005 साली टपाल तिकीटही निघालं. कंबर अशी, की ‘याला खायला देत नाही का?’ असं विचारल्याशिवाय पाहुणा खुर्चीवर टेकत नाही. उत्तर पाठ करून ठेवा: खातो, अंगी लागत नाही.

दुसरी बॉर्डर कॉली, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर मेंढ्या राखणारी. या जातीचा मूळपुरुष मानला जाणारा ओल्ड हेम्प 1893 साली जन्मला. याच जातीच्या चेसर नावाच्या अमेरिकेतल्या कुत्रीला हजारावर खेळणी नावानिशी ओळखता येत. अशा प्राण्याला ‘उद्या नेतो फिरायला’ असं सांगताना जपून. तो उद्या आठवण करून देईल.

आता मे महिन्याची परीक्षा. कारवानी इथे सहज पास होतो. अंगावर आखूड केस, ऊन ओळखीचं. सकाळी जीव तोडून धावायचं आणि मग कुलरसमोर आडवं व्हायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. ‘चपळ जात’ म्हणून आणलेलं जनावर घरातल्या कर्त्या पुरुषाइतकंच झोपतं, हे पाहून काहींची निराशा होते. कॉलीच्या अंगावर दुहेरी लोकर. डांबरी रस्त्यावर दुपारी तिचे तळवे पोळतील, म्हणून ती घरात. आणि घरात तिला काम नाही. मग ती ते स्वतः शोधते: पोरांना हाकत एका कोपऱ्यात जमा करते. आजी उठून स्वयंपाकघराकडे निघाली, तर तिलाही वळवून आणते.

शेळ्या असतील तर मात्र कॉलीचा विचार गंभीरपणे करा. गावच्या ढोरक्याला आधी विचारून, उगाच त्याच्या पोटावर पाय नको. मंडईच्या गर्दीत तिला नेऊ नका. रात्रभर चालणारं झाडीपट्टीचं नाटक तिला आवडण्यासारखं आहे, कारण पहाटेपर्यंत कळप जागचा हलत नाही.

कारवानीचं दुखणं वेगळं. त्याला धावायला सरळ, मोकळी जमीन लागते आणि आपल्याकडे पावसाळाभर बांध्यांत पाणी. रोवणीच्या दिवसांत तो पऱ्हे तुडवत गेला, तर बाया जे बोलतील ते इथे छापण्यासारखं नाही. धान कापून पुंजणे रचले, की थोडे दिवस मैदान त्याचं. पुढे जिथे कालव्याचं पाणी आहे तिथे उन्हाळी धान. मग उरतो लाखनी-साकोलीकडे जाणारा महामार्ग, आणि त्यावरचे ट्रक कुणाचीही जात बघून ब्रेक मारत नाहीत. शिवाय त्याला ससा दिसला की हाक ऐकू येत नाही. सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि वनरक्षक विचारपूस कुत्र्याकडे करत नाही. कोका अभयारण्यालगतच्या गावांत तर रात्री कोणतंही कुत्रं अंगणात बांधून ठेवू नये. बिबट वंशावळीचा कागद मागत नाही.

एवढं वाचूनही निर्णय होत नसेल, तर पैसे देण्याआधी एक महिना सराव करा. फक्त पट्टा विकत घ्या. रोज पहाटे पाचला तो हातात धरून खांब तलावापर्यंत जा आणि या, संध्याकाळी पुन्हा. ओळखीचे लोक थांबवतील, ‘का जी, कुत्रा कुठं आहे?’ म्हणून. सांगा, निवड सुरू आहे. पंधरवड्यात पट्टा खुंटीवर गेला आणि त्याला छत्री लटकू लागली, तर सध्या मासे पाळा.