दशमग्रहाची सरबराई

एडिसनमधल्या आमच्या तळघरात खाऱ्या पाण्याच्या टाकीत पहिला कोरल आला, त्या संध्याकाळी रत्नागिरीला आईला व्हिडिओ कॉल लावला. "पोवळं म्हणजे मंगळासाठी अंगठीत घालतात ते?" तिने विचारलं. म्हटलं, हो, पण हे जिवंत आहे. त्यावर आई म्हणाली, "लोक ग्रह शांत करायला पोवळं घालतात. तू ग्रहच घरी आणलास."

जावई हा दशमग्रह. कोरल तर घरजावई. बोलत नाही, जागचा हलत नाही, पण बिनसलं की घरभर कळतं. त्याच्या सरबराईची ही अनुभवसिद्ध नियमावली.

(भारतातल्या वाचकांनी ती नुसती वाचावी. प्रवाळभिंती बांधणारी कठीण सांगाड्याची पोवळी तिथे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, वाघाच्या पंगतीला बसलेली आहेत.)

१. आगमनापूर्वी : टाकी लोणच्यासारखी काही महिने मुरू द्यावी. तापमान २५ ते २६ अंश, क्षार हजारी ३५, अल्कलिनिटी ८ ते ९. आकडा रोज तोच राहणं सगळ्यात महत्त्वाचं. आज आमटी तिखट आणि उद्या अळणी हे घरजावयाला खपत नाही. क्षार मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर हजारी ३५च्या द्रावणाने तपासून घ्यावा. माझा दोन महिने बेमालूम खोटं बोलत होता.

२. उंबरठ्यावर : बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवावी, मग बारीक नळीने टाकीचं पाणी तिच्यात थेंबथेंब सोडावं. पिशवीतलं पाणी मात्र टाकीत ओतू नये. जावयाबरोबर त्याचं गावही घरात घेण्याची चाल नाही.

३. अभ्यंगस्नान : जंतांवरच्या औषधी पाण्यात, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ. चपटे कृमी आणि तांदळाच्या कणीएवढ्या गोगलगायी तळाशी बसलेल्या पाहून आपणच आंघोळ करून यावंसं वाटतं. अंडी या औषधाला दाद देत नाहीत. म्हणून कोरल ज्या सिमेंटच्या चकतीवर चिकटवलेला असतो, ती काढून फेकावी. हातमोजे घालावेत. झोअँथिड जातीच्या काही कोरलांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. त्यांचा दगड साफ करायला उकळू मात्र कधीच नये. त्या वाफेने माणसं इस्पितळात गेलेली आहेत. विनोद इथे संपतो आणि पुढच्या कलमात पुन्हा सुरू होतो.

४. बैठक : पाहुण्याला थेट दिव्याखाली बसवू नये. कोरलच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं, तेच उजेडावर त्याचा बराचसा स्वयंपाक करतं. उजेड एकदम वाढला तर कोरल या आचाऱ्यालाच हाकलून देतो, पांढराफटक पडतो आणि उपाशी राहतो. म्हणून आधी तळाशी ठेवावा, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर न्यावा. शेजाऱ्यांपासून वीतभर अंतर राखावं. दिवसा सालस दिसणारा गॅलेक्सिया रात्री लांबलचक दंशसोंडा काढून शेजाऱ्याला भाजतो. भाऊबंदकी समुद्रातही आहे.

५. रुसवा : आमचा कोरल अळंबीसारखा, टोडस्टूल लेदर. तिसऱ्या दिवशी त्याने सगळी बोंडं आत ओढली आणि अंगावर मेणचट पापुद्रा धरला. डोक्यावरून चादर घेऊन पडल्यासारखा. मी घाबरलो. चौथ्या दिवशी जागा बदलली. पाचव्या दिवशी खाऊ घातलं, नायट्रेट वाढलं. सहाव्या दिवशी पाणी बदललं, अल्कलिनिटी हलली. सातव्या दिवशी पंप फिरवला. आठव्या दिवशी पुन्हा जागा बदलली. नंतर कळलं, ही जात अधूनमधून कात टाकतेच. अंगावरून बरा प्रवाह जात असला की पापुद्रा आपोआप निघून जातो.

६. शांतीविधी : दर आठवड्याला पाणी तपासावं. बाकी वेळ हात खिशात ठेवावेत. हे जमत नसेल तर गाव सोडावं. मी कंपनीच्या कामाला आठवडाभर डॅलसला गेलो. परतलो तेव्हा अळंबी ताटलीएवढी फुलली होती, एकेक बोंड पाण्यात डुलत होतं.

"कधी उमलला?" मी विचारलं.

"तू गेलास, त्याच्या दुसऱ्याच दिवशी," बायको म्हणाली. "पुढची टूर कधी आहे?"