सुईआधी गाडी

पेणच्या रामवाडीत एसटीचं विभागीय कार्यालय आहे. रायगडात कपड्यांचे कारखाने आणायची चर्चा निघाली की मला आधी तीच जागा आठवते. जमीन, वीज, अनुदान यांवर बोलणारे पुष्कळ. सकाळी आठला मशीनवर बसायची बाई घरून निघणार कशी, यावर कुणी बोलत नाही.

एरवी जिल्ह्यात काय कमी आहे? पाताळगंगेला पॉलिएस्टरचा धागा निघतो. न्हावा-शेवा बंदर 1989 पासून चालू आहे. धागा इथला, बोट इथली, मधली शिलाई मात्र इथे मोठी झाली नाही.

शिलाईवरच मोठ्या झालेल्या बांगलादेशातही ती जुनी नव्हती. 1974 च्या करारानं श्रीमंत देशांनी कोरियासारख्यांच्या कपड्यांवर कोटा घातला. मग देवू या कोरियन कंपनीनं कोटा नसलेला देश गाठला. 1979 मध्ये ‘देश गारमेंट्स’ची 130 माणसं चितगावहून कोरियात शिकायला गेली. परतल्यावर त्यांतली बहुतेक एकेक करून बाहेर पडली, ज्यानं त्यानं आपला धंदा काढला. आज त्या देशाच्या निर्यातीत पाचातले चार भाग कपड्यांचे असतात. हात शिकले की धंदा पसरतो, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

देश गारमेंट्सच्याच काळात इकडे, 18 जानेवारी 1982 ला, मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले आणि कोकणातल्या कितीतरी घरांची मनीऑर्डर थांबली. तयार कपड्यांचं काम तर आपण 2000 च्या वस्त्रधोरणापर्यंत लघुउद्योगांसाठी राखून ठेवलं होतं. हेतू चांगला होता. पण हजार मशीनची ऑर्डर पंचवीस मशीनवर वेळेत पुरी होत नाही.

म्हणून ढाक्याची नक्कल करा, असं मी म्हणणार नाही. 23 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळच्या सावरमधल्या राणा प्लाझा इमारतीला तडे दिसले. खालची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, पगार कापायची धमकी देऊन. इमारत कोसळली, 1,134 माणसं गेली. बँकेच्या कारकुनाला घरी राहता आलं, शिवणाऱ्या बाईला नाही. हा फरक सिमेंटमुळे पडलेला नाही. तिच्यामागे संघटना नव्हती, हातात बचत नव्हती, म्हणून तो पडला. इमारतींच्या तपासणीचा बंधनकारक करार झाला, पण त्या मृत्यूंनंतर.

तरीही कारखाना यावा, असंच माझं मत आहे. पेण-रोह्याच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. मुलांची शाळा तिथेच सुटते. त्या घरातल्या मुलीला वर्षभर एका जागी, छपराखाली, स्वतःच्या नावच्या खात्यात पगार देणारं काम मिळालं, तर ती उचल नाकारता येईल. पण ते काम नगावर नको, महिन्याच्या पगाराचं हवं. पाळणाघर तर 1948 च्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं. आणि ‘आमच्याकडे मजूर स्वस्त’ हे जाहिरातीत छापणं आजपासून बंद करा. स्वस्ताईवर आलेली ऑर्डर आणखी स्वस्त देश दिसला की उठून जाते.

17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. फार चांगला निर्णय. पण ज्या वाडीच्या फाट्यावर पहिली गाडीच नऊला येते, तिथे अर्ध्या तिकिटानं आठची पाळी गाठता येत नाही. कारखान्याचा नकाशा मंजूर करताना रामवाडीचा वाहतूक अधिकारी त्या बैठकीत बसलेला हवा. कुठल्या गावात मुक्कामी गाडी ठेवायची, ती पहाटे किती वाजता सोडायची, आणि संध्याकाळी ओव्हरटाइम लांबला तर परतीची शेवटची गाडी कोण थांबवून धरणार, हे भूमिपूजनाच्या आधी कागदावर आलं पाहिजे.