साहेबांच्या बदल्या

बदल्यांनी पिचलेल्या तमाम अधिकारीवर्गाने एकदा बेंगळुरूला जाऊन सर मार्क कब्बन यांच्या पुतळ्याचं दर्शन घ्यावं. शक्यतो लवकर घ्यावं. पुतळा आज आहे तिथेच उद्या असेल, याची हमी कोणी देत नाही.

कब्बनसाहेब 1775 चे, आयल ऑफ मॅन बेटावरचे. 1800 च्या सुमारास मद्रास फौजेत कॅडेट म्हणून आले आणि पायऱ्या चढत लेफ्टनंट जनरल झाले. नाव मात्र झालं ते रणांगणात नव्हे, कचेरीत. 1831 मध्ये कंपनी सरकारने म्हैसूरच्या महाराजांच्या हातून कारभार काढून घेतला, 1834 मध्ये साहेब आयुक्त झाले आणि 1861 पर्यंत आयुक्तच राहिले. सत्तावीस वर्षं, एक खुर्ची! सतत बदल्या झेलणारे सनदी अधिकारी तुकाराम मुंढे यांनी हे वाक्य वाचू नये.

व्यवस्थाही चोख होती. महाराज राजवाड्यात, हुकूम साहेबांचा आणि दप्तरात दिवाण पूर्णय्यांच्या काळापासून ठाण मांडून बसलेली देशस्थ मराठी मंडळी. अशा कारभारातूनही सुमारे 1600 मैल रस्ते निघाले, हे सिल्क बोर्ड चौकात तासभर अडकलेल्या माणसाला सांगू नये. तो अंगावर येतो. वयाच्या 85 व्या वर्षी तब्येतीने साथ सोडली, तेव्हा कुठे साहेबांनी राजीनामा दिला. मायदेशी निघाले आणि वाटेत सुएझला वारले. हयातीचा दाखला देण्याची वेळच आली नाही.

खरी बदलीची नोकरी सुरू झाली ती यानंतर. 1866 मध्ये परेड ग्राउंडवर त्यांचा अश्वारूढ पुतळा बसला. मारोकेटी या नामांकित शिल्पकाराने केलेला, ब्राँझचा. पुढे पोस्टिंग मिळालं लालभडक अट्टारा कचेरीसमोर, म्हणजे आजच्या उच्च न्यायालयापुढे. तारखा पडताना पाहण्यात बरीच वर्षं गेली. 2020 मध्ये तिथूनही उचलबांगडी झाली आणि साहेब घोड्यासकट मागच्या कब्बन पार्कात आले. बेंगळुरूच्या रस्त्यांवर अलीकडे यशस्वी झालेली घोडदळाची ही एकमेव हालचाल.

त्या पार्काचीही तीच कथा. 1870 मध्ये सँकी या लष्करी इंजिनिअरने आखलं, नाव पडलं तेव्हाच्या हंगामी आयुक्त मीडसाहेबांचं, मग लागलं कब्बनसाहेबांचं. 1927 मध्ये सरकारी कागदावर ते ‘श्री चामराजेंद्र पार्क’ झालं. रिक्षावाल्याला हे नाव सांगून पाहा. तो मीटरकडे नव्हे, तुमच्याकडे बघेल. मेट्रोच्या स्टेशनवरसुद्धा कब्बनच.

पुतळा क्रेनने हलतो, नाव अधिसूचनेने बदलतं. लोकांची जीभ वळवायला मात्र चिकाटीचा आयुक्त लागेल, निदान सत्तावीस वर्षं टिकणारा. सरकारने तो जरूर नेमावा. मग सहाव्या महिन्यात त्याची बदली झाली, की कब्बनसाहेबांची जागा पुन्हा पक्की.