श्री. क्लोराइडराव यांस

मुक्काम : आमची बोअर. पर्यायी पत्ता : ब्लीचिंग पावडरचा डबा.

सा. न. वि. वि.

आधी अभिनंदन. सोनगीरच्या आमच्या दूध शीतकरण केंद्रात सहा माणसं तीन आठवडे एकमेकांकडे चोरासारखी बघत होती, ती तुमच्या कृपेनं. दूध घेताना फॅट, एसएनएफ चोख. टँकर मोठ्या डेअरीत पोचला की लॅक्टोमीटर आमच्या अब्रूसकट बुडायचं. ‘सोनगीरवाले पाणी घालतात,’ असा निरोप आला, मग बिलातून पैसेही कापले गेले.

घालत होतात तुम्ही! चिलर उघडला, प्लेटा काढून धुतल्या, एका बाजूनं लाल रंग लावला, दुसऱ्या बाजूला पांढरी भुकटी मारली. दहा मिनिटांत गास्केटच्या खोबणीलगत लाल ठिपके उमटले, सुईनं टोचल्यासारखे. प्लेटेच्या एका अंगाला दूध, दुसऱ्या अंगाला बर्फाच्या टाकीतलं पाणी, आणि ते दुधापेक्षा जास्त दाबानं फिरतं. भोक मिळाल्यावर ते दुसरीकडे कशाला जाईल?

तुमचं कसब मानलं. साधा गंज बिचारा प्रामाणिक, अंगभर लाल होऊन कळवतो तरी. तुम्ही मात्र बाकीची प्लेट आरशासारखी ठेवून एका ठिपक्यात घुसता. १९१३ साली शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं क्रोमियमचं पोलाद केलं. त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्याला न दिसणारा पापुद्रा असतो. ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजननं पुन्हा धरतो. तुम्ही गास्केटखाली दडता, जिथे ऑक्सिजन पोचतच नाही. खड्डा पडला की आतलं पाणी आम्लधर्मी होतं, आणि ते आणखी भाऊबंदांना ओढून घेतं. प्लेट जाड किती? अर्धा-पाऊण मिलिमीटर. आरपार जायला कितीसा वेळ लागतो!

पण एकट्याची वाहवा कशी करू? बोअरच्या पाण्याचा क्षार साचला तेव्हा आम्हीच हार्डवेअरच्या दुकानातून बाथरूमचं ॲसिड आणलं. म्हणजे हायड्रोक्लोरिक, म्हणजे तुम्हीच, बाटलीत भरून, रोख पैसे मोजून. नायट्रिक वापरायला हवं होतं, ते आणायला धुळ्याला कोण जाणार? शेवाळ नको म्हणून टाकीत ब्लीचिंगची ओंजळ टाकायची, ती मोजूनबिजून नाही. आणि खरेदीच्या वेळी साहेबांनी ३१६ नंबरच्या पोलादाऐवजी ३०४ घेतलं, कारण ‘दोन्ही चमकतात सारखंच’. ३१६ मधलं दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम चमकत नाही हो, तुम्हाला अडवतं फक्त.

एक प्लेट घेऊन मी इथल्याच एका तांबटकाकांकडे गेलो. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी सगळ्या खानदेशात जातात. म्हटलं, डाख देता येईल का? त्यांनी प्लेट उन्हात धरली. “भाऊ, हाई ते चायनी व्हयी गयी,” म्हणाले, म्हणजे चाळणी झाली, आणि हातातल्या हंड्यावर पुन्हा ठोके घालू लागले.

तक्रार तरी कुठे करायची? पिण्याच्या पाण्याच्या मानकात तुम्हाला लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत मानानं बसवलंय, दुसरं पाणीच नसेल तर १००० पर्यंत. माणसाला चालता तुम्ही.

कळावे,
आपला,
पाना-पकडवाला

ता. क. ‘पाणी घातल्याबद्दल’ कापलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. पावती आपल्या नावानं फाडायची की त्या ॲसिडच्या बाटलीच्या, तेवढं कळवा.