शुभेच्छुक, इयत्ता अकरावी

मतदानाचे वय सोळावर आणावे का, या प्रश्नावर आमच्या प्रभागातल्या तमाम भावी नगरसेवकांचे एकमत आहे : पोरांना अजून समज नाही. एरवी ही मंडळी गटाराच्या झाकणावरही एकमत होऊ देत नाहीत.

आता त्यांचा वाढदिवसाचा फ्लेक्स पाहा. वर उतरत्या भाजणीने थोरले साहेब, धाकटे साहेब. मध्ये हात जोडलेले दादा. आणि तळाला टपाल तिकिटाएवढे शुभेच्छुक. गॉगल लावलेले, मिसरूड न फुटलेले, निम्मे अकरावीत. एकजण कानाला मोबाइल लावून कोणाशी तरी महत्त्वाचे बोलतोय, बहुधा आईशी. त्याच्या नावाआधी 'युवा उद्योजक' आहे आणि त्याचा आजवरचा एकमेव उद्योग म्हणजे हाच फ्लेक्स खांबावर चढून बांधणे. या पोराने झेंडा धरावा, सभेच्या खुर्च्या भराव्यात, मतदानाच्या दिवशी आज्या-आजोबांना रिक्षातून आणून स्लिपा हातात द्याव्यात, रॅलीत साडेतीनशे सीसीची गाडी उडवावी (सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते ते पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचे, पण दादा पुढे असले की कायदा मागे बसतो). या कशालाही समज लागत नाही. ती लागते फक्त बटण दाबायला.

गुन्ह्याचे मात्र वेगळे. २०१५च्या कायद्यानुसार घोर गुन्हा केलेल्या सोळा वर्षांच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. तुरुंगापुरती समज आली, मतपेटीपुरती यायची आहे.

ऑस्ट्रियाने २००७ साली सोळा वर्षांच्या मुलांना मत दिले. तिथे बहुधा फ्लेक्स नसावेत.

आणि आमच्याकडे अठराचे तरी काय केले? घटनादुरुस्ती करून १९८९ साली मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. मग २०२२ मध्ये राज्यातल्या कित्येक महापालिकांची मुदत संपली, प्रशासक येऊन बसले आणि मतदान झाले थेट २०२६ च्या जानेवारीत. म्हणजे तेव्हा अठरा पूर्ण केलेल्या पोरीने नगरसेवक निवडला तो एकविशी उलटल्यावर. कुठलीही घटनादुरुस्ती न करता वय पुन्हा २१! इतकी वर्षे खड्डे, पाणी, कचरा कुणाला विचारायचा होता? फ्लेक्सवरच्या उद्योजकाला?

तेव्हा दादा, सोळाचे राहू द्या. अठराच्या पोरांना आधी वेळेवर मत देऊ द्या.