टिंग वाजलं की वहिनी

डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, एक तरी अशी वहिनी सापडेलच. सासरे अण्णा अर्धांगवायूनं अंथरुणाला, सासूबाईंना विस्मरण, मुलाची दहावी, नवरा सकाळच्या लोकलला लटकलेला. डायपर, एअरबेडचं भाडं, औषधं, सगळं अण्णांच्या नावच्या एकाच क्रेडिट कार्डावर. मेसेज येतात अण्णांच्या उशाशी ठेवलेल्या फोनवर, आणि ऐकू येतात स्वयंपाकघरातल्या वहिनींना. कुकरच्या तीन शिट्ट्यांमधूनही.

टिंग वाजलं की पोळी तव्यावर सोडून त्या हजर. वीस हजारांच्या मेसेजनं दचकत नाहीत. ते हॉस्पिटलचं बिल असतं. दोन रुपयांच्या मेसेजनं मात्र घर चिडीचूप होतं. चोर आधी दोन रुपये काढून कार्ड चालू आहे का ते चाचपतो, हे त्यांना पाठ आहे. दुसरीही एक शक्यता असते : अण्णांनी टॅबवर कुठल्याशा भजनांच्या ॲपचं 'पहिला महिना मोफत' मनावर घेतलेलं असतं. वहिनींच्या मते त्यापेक्षा चोर परवडला. तो निदान वर्षाची वर्गणी मागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी वर्गणी कापण्याआधी चोवीस तास मेसेज यायला हवा, आणि रक्कम पंधरा हजारांच्या आत असली तर पुढच्या वेळी ओटीपीही लागत नाही. त्यामुळे आदल्या दिवशीचा मेसेज वहिनी पंचांगासारखा वाचतात.

महिनाअखेरीचं स्टेटमेंट हा वेगळाच विषय. कोपऱ्यावरचा केमिस्ट त्यात केमिस्ट म्हणून येतच नाही, मालकाच्या मेव्हण्याच्या ट्रेडिंग कंपनीच्या नावानं येतो. वहिनी मग बिलं पसरून एकेक ओळ जुळवतात. नवऱ्यानं लग्नाच्या वाढदिवसाला गुपचूप घेतलेली साडीसुद्धा त्यांनी अशीच 'संशयास्पद' म्हणून पकडली. त्या घरात गुपचूप काही होत नाही.

2017 सालचं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक त्यांना तोंडपाठ. चूक आपली नाही, बँकेची नाही, तिसऱ्याच कुणी पैसे उपटले, तर कामकाजाच्या तीन दिवसांत कळवायचं. आपल्याला दमडीही भरावी लागत नाही. मेसेज आला तो दिवस धरायचा नाही, हेही त्या वर ऐकवतात. कळवणं मात्र सोपं नाही, कारण बँकेला कार्डधारकाशीच बोलायचं असतं. अण्णांची जीभ जड. ते जन्मतारखेच्या महिन्यापर्यंत येतात तोवर पलीकडचं यंत्र 'माफ करा, समजलं नाही' म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू. होल्डवरचं संगीत लागलं की वहिनी फोन स्पीकरवर टाकून त्या तालावर अण्णांच्या हाताचा व्यायाम उरकून घेतात. फिजिओनं दिलेल्या वीस आवर्तनांना ते संगीत पुरून उरतं.

लोकांना वाटतं, बाई पैशाला फार चिकट. तसं नाही. शेजारणीला त्या हजार रुपये सहज देतात आणि मागायला विसरतात. दोनशे रुपये गेल्याचं त्यांना दुःख नसतं. ते परत मिळवायला जी दुपार लागते, ती त्यांच्याकडे नसते. निष्काळजीपणा परवडायला हाताशी मोकळा वेळ लागतो.

आपण होऊन ओटीपी सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपल्याच माथी, म्हणून वहिनींनी अण्णांना पढवलंय : ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. अण्णा जुने रेल्वेवाले, शिस्तीचे. परवा वहिनी डायपर मागवत होत्या. दोन्ही हात कणकेत, म्हणून आतूनच ओरडल्या, "अण्णा, ओटीपी आला का हो? वाचा बघू."

बराच वेळ शांतता. मग एकेक शब्द तोलत उत्तर आलं, "कुणालाही नाही. तूच सांगितलंयस."

डायपर दुसऱ्या दिवशी आले. अण्णांचं चुकलं, असं वहिनी अजून म्हणालेल्या नाहीत. तुमच्याही फोनवर अनोळखी टिंग वाजलं, तर आधी कार्ड ब्लॉक करा, पैसे गेले असतील तर 1930 ला फोन लावा, आणि साडी कुणी घेतली ते नंतर विचारा.