काचा बंद

एसी बिघडलेल्या गाडीत काचा बंद ठेवून बसायला तपश्चर्या लागते. ती मी नागपुरात, नवतपात केली आहे. बटन दाबलेलं, बटनावरचा दिवा लागलेला (दिव्याला गॅस लागत नाही), पंखा तीनवर, आणि जाळीतून येणारी हवा पापड वाळवण्याच्या लायकीची. पण शेजारच्या मोटारसायकलवाल्याला हे कुठे कळणार? त्याला दिसतात बंद काचा. काचा बंद म्हणजे एसी, आणि एसी म्हणजे साहेब. कोपर बाहेर काढून बसलेला माणूस गाडी चालवतो. काचेआडचा माणूस गाडीतून जातो. एवढ्या फरकासाठी थोडं भाजून निघायची माझी तयारी होती.

गाडी पंधरा वर्षांची. जिथे कॉफी फुकट मिळते अशा एका वर्कशॉपात ती दाखवली, तेव्हा गोड बोलणाऱ्या मुलाने एस्टिमेट काढलं: कूलिंग कॉइल, कंडेन्सर, कॉम्प्रेसर; डॅशबोर्ड उतरवायची मजुरी वेगळी. बेरीज पाहून मी विचारलं, यात गाडीपण येते का? तो हसला नाही. मी दुसरी कॉफी घेतली आणि निघालो.

मग उरला तो रस्त्यावरचा उपाय. ‘गॅस संपला साहेब, भरून टाकू.’ या वाक्याने मात्र माझं डोकं खरोखर फिरतं. एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, की गाडी चालली आणि जळून गेला. छोट्या गाडीत तो जेमतेम चारपाचशे ग्रॅम असतो, १३४-ए नावाचा, उणे २६ अंशाला उकळणारा. कॉइलमध्ये त्याची वाफ होते, होताना आतली उष्णता घेते; कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, पुढच्या जाळीत तिचं पुन्हा द्रव होतं आणि आत घेतलेली उष्णता बाहेर पडते. पुन्हा पहिल्यापासून. बंद नळ्यांमधला हा फेरा. यात खर्च होणारं काहीच नाही. गॅस कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी गळतोय. गळती न शोधता भरला की महिनाभर गारवा, मग पावसाळा, मग विसर. पुढच्या मार्चमध्ये तोच माणूस, तोच सिलिंडर, ‘यंदा गरमी लय आहे साहेब’. शिवाय गळालेला हा गॅस वातावरणाला कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त तापवतो. म्हणजे दर वर्षी पैसे मोजून मी उन्हाळाच विकत घेत होतो.

खरं तर मोटारीतल्या गारव्याचा प्रश्न फियाटने कधीच सोडवला होता. प्रीमियर पद्मिनी म्हणायचं कागदावर. घरात ती फियाटच. तिच्या पुढच्या दारांना एक तिकोनी काच असायची. छोटीशी कडी उचलायची, काच ढकलायची, आणि ती अशी फिरायची की बाहेरचा वारा वळून थेट सदऱ्याच्या दुसऱ्या बटनावर. थोडी अजून फिरवली की मानेवर. काकांचं त्या काचेवर स्टिअरिंगपेक्षा जास्त लक्ष असे. चाळीसच्या वेगाला ती बारीक शीळ घाली. साठला सगळी गाडीच थरथरे, त्यामुळे शीळ ऐकू येत नसे. मागच्या सीटवरून आम्ही पोरं ‘काका, इकडे, इकडे’ ओरडायचो आणि ते वारा वाटून द्यायचे. ना गॅस, ना कॉइल, ना एस्टिमेट. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. लोकांनी हळहळून फोटो काढले. तिकोनी काचेबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. आजच्या कित्येक गाड्यांत त्या जागी तिकोनी काच असते, पण पक्की बसवलेली, शोभेची. तिच्याकडे पाहिलं की मला राग येतो.

असो. आमच्याकडे उन्हाळ्यात सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधतात, दुचाकीवाल्यांना दोन मिनिटं सावली मिळावी म्हणून. एका दुपारी त्या जाळीखाली बरोबर मधोमध माझी गाडी उभी होती, काचा बंद, दिवा चालू. बाजूला उन्हात एक पार्सलवाला पोरगा पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन हेल्मेटमधून घाम पुसत होता. मागे आई बसली होती. तिची गुडघ्याची तपासणी होती. पदराने वारा घेत ती म्हणाली, ‘काच खाली कर ना बाप्पा. आणि गाडी जरा पुढे घे, त्या पोराला येऊ दे सावलीत.’ मी काच खाली केली. बाहेर ४४ अंश होते आणि आतल्यापेक्षा बरं वाटलं. आईने इतके दिवस हे सहन का केलं, हे तिला विचारायची मला हिंमत झाली नाही.

शेवटी टिनाच्या शेडमधला एक कारागीर भेटला. गॅसचं नावही न काढता म्हणाला, ‘भाऊ, जाऊन राहिला कुठून ते तर पाहू पहिले.’ बॉनेट उघडून त्याने एका जोडावर बोट ठेवलं. तिथे तेलकट डाग होता आणि त्यावर काळी धूळ चिकटलेली; गॅसबरोबर तेल झिरपतं, ते असं चहाडी करतं. नळ्यांत नायट्रोजन भरला, जोडावर ब्रशने साबणाचा फेस लावला. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. एक बुडबुडा आला. हरभऱ्याएवढा झाला, फुटला, दुसरा आला. आतली रबरी रिंग इतकी कडक झाली होती, की काढताना तिचे दोन तुकडे झाले. नवी बसवली, पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल अर्धा तास ओढून काढली, आणि काट्यावर वजन करून गॅस भरला. कंडेन्सरवरचा चिखल पाण्याने धुतला, त्याचे पैसे घेतले नाहीत. बटन दाबल्यावर क्लच ‘टक्’ वाजला. शेडमध्ये पंखा नव्हता.

बिल झालं दोन हजार आठशे. त्यात रिंगेचे तीस. तेव्हा तुमचाही गॅस दर उन्हाळ्यात ‘संपत’ असेल, तर आधी फेस लावून घ्या. आणि जो कोणी फेस न लावताच सिलिंडरची नळी घेऊन पुढे येईल, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.